हरभट रोडचे जुने फोटो: भिजलेल्या ट्रंकेपासून प्रदर्शनापर्यंत

१४ ऑगस्ट २०१९ ला आम्ही सांगलीच्या गावभागातल्या आजोबांच्या घराचं दार उघडलं. दार फुगलं होतं, मामाला खांदा लावून ढकलावं लागलं. त्या आठवड्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे तिच्यावर बारा फूट. आत भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ माझ्या खांद्याच्या वर उमटली होती आणि जिन्याखाली आजोबांची पत्र्याची ट्रंक चिखलात अर्धी रुतून बसली होती.

आजोबांचा हरभट रोडला फोटो स्टुडिओ होता, १९३८ पासून १९७९ पर्यंत. लग्नाचे, मुंजीचे, पासपोर्टचे फोटो तर सगळेच काढत. पण बाजारपेठेतले व्यापारी आजोबांना दुकानाच्या उद्घाटनाला बोलवायचे, आणि काही पेढ्यांची रीत होती की दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मालक, मुनीम, हमाल, पोरंसोरं सगळ्यांनी दुकानापुढे उभं राहून एक फोटो काढायचा. त्यामुळे हरभट रोड, मारुती रोड, कापडपेठ, गणपती पेठ इथल्या दुकानांच्या दर्शनी बाजू वर्षामागून वर्ष त्या ट्रंकेत साठत गेल्या. आजोबा गेल्यावर आम्ही कुणीच ती कधी नीट उघडली नव्हती. उघडली ती पाण्यानं भरल्यावर.

पुढची साडेतीन वर्षं त्या फोटोंमागे गेली. पुरात किंवा गळक्या माळ्यावर असे फोटो सापडलेल्या कुणालाही उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे, माझ्या चुकांसकट.

पहिल्या दिवशीच दोन चुका झाल्या. छापील फोटोंचा एक गठ्ठा मी गच्चीवर उन्हात पसरला. तासाभरात ते कागद पापडासारखे वळले आणि वरचा थर तडकला. दुसरा गठ्ठा ओल्या कापसानं पुसायला घेतला, तर चिखलाबरोबर माणसांचे चेहरेच कापसावर आले. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्यात फुगून मऊ होतो, त्याला बोटसुद्धा लावायचं नसतं. हे मला आजोबांच्या हाताखाली काम शिकलेल्या अण्णांनी त्या रात्री फोनवर सांगितलं. अण्णा तेव्हा ८६ वर्षांचे होते. "पुसू नकोस गं. पाण्यात ठेव, स्वच्छ पाण्यात. फोटोला पाण्याची भीती नाही, पाण्यातनंच जन्मतोय तो. वाळताना एकमेकाला चिकटू देऊ नकोस, बास."

मग सगळा ऐवज माझ्या विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये आणला. तिथं पाणी आलं नव्हतं आणि वीज होती. ट्रंकेत तीन प्रकारचा माल निघाला. लाकडी पेट्यांत ९६ काचा, म्हणजे काचेच्या निगेटिव्ह, हाफ प्लेट आणि क्वार्टर प्लेट मापाच्या. डब्यांत आणि पाकिटांत १२० नंबरच्या रोलच्या सुमारे ७०० निगेटिव्ह. आणि विटेसारखे घट्ट झालेले छापील फोटोंचे गठ्ठे, साधारण ३०० फोटो.

प्रत्येकाला वेगळी वागणूक लागते. फिल्मच्या निगेटिव्ह टबमधल्या थंड स्वच्छ पाण्यात हळूच हलवून धुतल्या, शेवटचं पाणी बॅटरीच्या दुकानातून आणलेलं डिस्टिल्ड, आणि बाथरूममध्ये दोरी बांधून कपड्याच्या चिमट्यांनी कोपऱ्यावर धरून टांगल्या. चिमटा चित्रावर येऊ द्यायचा नाही. पंखा लावायचा, पण त्यांच्या अंगावर नाही. काचांना स्वयंपाकघरातलं ताटल्यांचं स्टीलचं स्टँड फार कामाला आलं, एकेक काच उभी आणि मध्ये एक खाच रिकामी. ज्या काचांचा थर कडेनं सुटत होता त्या मात्र आडव्या, थराची बाजू वर करून, टिपकागदावर ठेवल्या.

चिकटलेल्या गठ्ठ्यांना दोन दिवसांत हात लावणं शक्य नव्हतं, आणि ओलं तसंच ठेवलं तर बुरशी येते. अशा वेळी गोठवायचं. गठ्ठ्यांचे लहान भाग करून बटर पेपरात गुंडाळले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि फ्रीझरमध्ये ठेवले. माझा फ्रीझर भरला तेव्हा शेजारच्या काकूंनी त्यांचा रिकामा करून दिला. त्यात चार महिने आमचे फोटो होते, एकदाही तक्रार केली नाही त्यांनी. नंतर दर रविवारी एक पुडी काढून थंड पाण्यात ठेवायची आणि फोटो आपोआप सुटेपर्यंत थांबायचं. ओढायचं नाही. काही पुड्यांना सहा तास लागले. एक गोष्ट लक्षात ठेवा, काचा कधीही फ्रीझरमध्ये ठेवू नका, त्या तडकतात. आणि हातमोजे, मास्क घाला. पुराच्या चिखलात काय काय मिसळलेलं असतं ते सांगता येत नाही. मला आठवडाभर हाताला पुरळ होतं.

दरम्यान घराचा पंचनामा झाला. आलेल्या कर्मचाऱ्यानं विचारलं, फोटोंची किंमत किती लिहू? मला काही सांगता आलं नाही. भांडी, गाद्या, फ्रीज लिहिलं गेलं.

डिसेंबरअखेर हिशेब असा होता: काचा ५८ वाचल्या, फिल्म ४३०, छापील फोटो ११०. बाकीचं एका पेटीत अजून ठेवलं आहे. टाकवलं नाही.

जानेवारी २०२० मध्ये जुना फ्लॅटबेड स्कॅनर घेतला, १४,५०० रुपयांना. घेताना झाकणात दिवा असलेलाच घ्या, नाहीतर निगेटिव्ह स्कॅन होत नाहीत. छापील फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), १२० नंबरच्या निगेटिव्ह २४०० ला केल्या. चौकोनी निगेटिव्हची एक टिफ फाइल (यात चित्र काही न गमावता साठतं) साधारण ६४ एमबी होते, म्हणून दोन हार्ड डिस्क घेतल्या, ४,६०० ची एक. एक घरी, एक मावशीकडे मिरजेला. नदीकाठच्या गावात दोन्ही प्रती एका घरात ठेवू नयेत. हाफ प्लेटच्या काचा स्कॅनरच्या झाकणातल्या दिव्याखाली मावत नव्हत्या, त्या मैत्रिणीच्या भावानं खालून उजेड देणाऱ्या दिव्याच्या पाटीवर ठेवून कॅमेऱ्यानं टिपून दिल्या. मूळ टिफला कधीही हात लावायचा नाही, उजळणं, कातरणं जे काय करायचं ते जेपेग प्रतीवर. प्रत्येक निगेटिव्ह कागदी पाकिटात, आणि पाकिटावर नंबर आधी लिहायचा, मग निगेटिव्ह आत. टू बी पेन्सिलनं, बॉलपेननं नाही. ओल लागली की शाई पसरते, पेन्सिल राहते. आजोबांच्या पाकिटांवरची शाईतली सगळी नावं पुरात गेली होती. पेन्सिलीतली नऊ शिल्लक होती.

त्या नऊ नावांकडे बघून मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी स्कॅनिंगमध्ये इतकी रमले होते की माणसांकडे जायचं राहिलं. अण्णांना फोनवर चार-पाच फोटो पाठवले होते. त्यांना बारीक दिसत नव्हतं. म्हणाले, "घाई काय आहे? सगळे मोठे करून एकदम घेऊन ये. एका बैठकीत सांगतो, कोण कुठल्या पायरीवर उभा आहे ते." मीही म्हटलं, सगळं स्कॅन होऊ दे, नीट यादी होऊ दे. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. सप्टेंबर २०२० मध्ये अण्णा कोविडनं गेले. त्यांच्यानंतर ज्यांच्यावर भिस्त होती ते कापडपेठेतले एक जुने मुनीम एप्रिल २०२१ मध्ये गेले. माझ्याकडे ५९८ चित्रं होती आणि त्यातली बहुतेक कुणाची, कुठली, हे सांगणारे दोघे नव्हते. तुम्ही असं काही हाती घेणार असाल तर स्कॅनर नंतर घ्या. मोबाइलनं साधे फोटो काढून ए-फोर कागदावर मोठे छापा, आणि आधी गावातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडे जा.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. या खेपेला आम्ही पुलाच्या पातळीचे आकडे तासातासाला बघत होतो. ट्रंक माझ्याकडेच होती, पण काही रिकाम्या पेट्या आणि आजोबांचा एनलार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठे फोटो छापायचं यंत्र, गावभागातच होता. चाळीस फुटांची इशारा पातळी गाठायच्या आत मामानं सगळं वर नेलं. पाणी धोक्याच्या रेषेवर बरंच गेलं, घरात शिरलं, पण वस्तू वाचल्या.

ऑक्टोबर २०२१ पासून मी दर शनिवारी दुपारी बाजारात जायला लागले. ५९८ पैकी २१२ चित्रं हरभट रोड आणि आसपासच्या पेठांची होती. पहिले काही शनिवार वाया गेले, कारण मी प्रश्न चुकीचा विचारत होते. "हे कुठलं दुकान?" म्हटलं की लोक म्हणायचे, "आठवत नाही बाई." मग एका सराफ काकांनी स्वतःच दुसऱ्या पद्धतीनं सुरू केलं. "थांबा. टिळक चौकातनं निघालो. डाव्या हाताला पहिलं तंबाखूचं, मग सायकलवाला, मग आमच्या चुलत्याचं, मग बोळ. हा बोळ दिसतोय का तुमच्या फोटोत?" दिसत होता. तेव्हापासून मी लोकांना चालायला लावलं. डोळे मिटून चालतानाच्या आठवणीत दुकानं ओळीनं येतात. दोन म्हाताऱ्यांना एकत्र बसवलं तर फारच चांगलं, एक चुकला की दुसरा लगेच म्हणतो, "ते न्हवं रे, ते पंप्याचं झालं नंतर." फोटोवर पारदर्शक शीट ठेवून डोक्यांवर नंबर टाकत गेले, आणि परवानगी विचारून मोबाइलवर आवाज घेतला. घरी येऊन त्याच रात्री लिहून काढायचं. दोन दिवसांनी स्वतःचंच अक्षर लागत नाही.

बायकांना विचारायला विसरू नका. दुकानापुढच्या फोटोत बायका जवळजवळ नाहीत, म्हणून मी त्यांच्याकडे उशिरा गेले. पण एका ९१ वर्षांच्या आजींनी माडीवरच्या खिडकीतली एक सावली बघून घर ओळखलं, कारण लग्नानंतर त्या सहा वर्षं त्या खिडकीतून हरभट रोड बघत होत्या.

जिथं माणसांची आठवण पुरत नाही तिथं चित्रातल्या पाट्या वाचाव्या लागतात. भिंगानं पाटी वाचणं हा मला या कामातला सगळ्यात आनंदाचा भाग वाटला. पाटीवर ठिकाण म्हणून "दक्षिण सातारा" असेल तर फोटो बहुधा १९४९ ते १९६० मधला, कारण जिल्ह्याचं नाव तेवढीच वर्षं ते होतं, मग सांगली झालं. "सांगली संस्थान" असेल तर बहुधा मार्च १९४८ च्या विलीनीकरणाआधीचा. भावफलकावर आणे असतील तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचा किंवा लगेच नंतरचा, "नवे पैसे" असतील तर त्यानंतरच्या सात वर्षांतला. पत्त्यात पिनकोड आला की १५ ऑगस्ट १९७२ च्या पुढचा. घाटावरच्या चित्रात मागे आयर्विन पुलाच्या कमानी असतील तर १९२९ नंतरचा. अर्थात जुनी पाटी दुकानदार वीस वर्षं काढत नाहीत, त्यामुळे पाटीवरून "याच्या आधीचा नाही" एवढंच खात्रीनं सांगता येतं. दोन खुणा जुळल्या तरच मी साल लिहिलं, नाहीतर "सुमारे".

इमारत कुठली हे पक्कं करायला नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढल्या. आता त्या ऑनलाइनही मिळतात, पण सिटी सर्व्हे नंबर माहीत हवा. तो मी घरमालकांच्या घरपट्टीच्या पावत्यांवरून मिळवला. मिळकत पत्रिकेवर जुन्या धारकांची नावं, फेरफाराच्या तारखा असतात. माडी कधी विकली, वाटण्या कधी झाल्या, त्यावरून दुकानं बदलल्याची वर्षं जुळतात.

भाडेकरू दुकानदारांची नावं मात्र तिथं नसतात. त्यासाठी जुनी कर आकारणीची रजिस्टरं बघायची होती, म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये एका कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज केला. नमुना "अ", दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. माझा पहिला अर्ज तीन पेठांबद्दल होता, तो परत आला. दुसऱ्या अर्जाला २९ व्या दिवशी उत्तर आलं, "अभिलेख आढळून येत नाही." वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. अपिलाची मुदत उत्तर मिळाल्यापासून तीस दिवस, ती चुकवू नका. सुनावणीत मी प्रती मागितल्या नाहीत, "रेकॉर्ड खोलीत बसून मला पाहू द्या" एवढंच म्हटलं. ते मंजूर झालं. मेमध्ये दोन दुपारी तिथं बसले. तिथल्या शिपाई मामांनी कोपऱ्यातला गठ्ठा स्वतः झटकून दिला. १९५१-५२ चं एक रजिस्टर निघालं, वाळवीनं कडा खाल्लेलं. त्यातून एकोणीस दुकानं पक्की झाली. पुढच्या वेळी मी अर्जातच पाहणी मागेन. त्यानं तीन महिने वाचले असते.

एका फोटोबद्दल लिहायलाच हवं. १९४० च्या दशकातली दुमजली इमारत, लाकडी सज्जा, खाली दुकान. ती आज नाही. कुटुंबातल्या एका आजोबांकडे मी फोटो घेऊन गेले. त्यांनी तो बराच वेळ मांडीवर ठेवला. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत ती इमारत गेली होती. तेव्हा ते आठ वर्षांचे होते. घराचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता. मी परवानगीचा कागद बॅगेतून काढलाच नाही. दोन महिन्यांनी त्यांचाच फोन आला, "प्रदर्शनात लावा. खाली फक्त दुकान काय होतं ते लिहा, बाकी काही नको." तसंच केलं.

परवानगीचा विषय निघालाच आहे तर तोही सांगते, कारण मला वाटलं होतं आजोबांचे फोटो म्हणजे आमचेच. वकील मैत्रिणीनं समजावलं. १९५८ च्या आधी काढलेल्या फोटोंचे हक्क पन्नास वर्षांनी संपले, ते कुणीही वापरू शकतं. नंतरच्यांचं तसं नाही. आणि गिऱ्हाइकानं पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कायद्यानं ते गिऱ्हाईक असतं, फोटोग्राफर नाही. म्हणजे उद्घाटनाचे फोटो त्या त्या दुकानदाराचे. आजोबांनी स्वतःच्या हौसेनं टिपलेल्या रस्त्याच्या चित्रांसाठी आई आणि दोन्ही मामांनी शंभराच्या स्टॅम्प पेपरवर संमती दिली. बाकी ३८ कुटुंबांकडून एका पानाचं साधं संमतिपत्र घेतलं: चित्राचा नंबर, कशासाठी वापरणार, नाव छापायचं की नाही. ३५ नी सही दिली, तिघांनी नको म्हटलं. ती तीन चित्रं मी त्यांना छापून भेट दिली आणि यादीतून बाजूला ठेवली.

प्रदर्शन १० ते १२ फेब्रुवारी २०२३. एका शाळेचा हॉल, तीन दिवसांचे ६,०००. ६४ चित्रं, १२ बाय १८ इंच, १४० रुपयांना एक. बोर्ड आणि चिकटपट्ट्या ४,५००. पाकिटं, टिपकागद, सिलिका जेल, हातमोजे वगैरे साडेतीन वर्षांत ३,२०० झाले. स्टॅम्प, नोटरी, झेरॉक्स मिळून अडीच हजार. स्कॅनर, हार्ड डिस्क धरून पन्नास हजारांच्या थोडं आत एकूण खर्च, मामांनी निम्मा उचलला. चित्रं सालानुसार लावायचा बेत होता, तो बदलून रस्त्याच्या क्रमानं लावली, डावी बाजू डाव्या भिंतीवर, उजवी उजव्या. लोक हॉलमधून चालत नव्हते, हरभट रोडवरून चालत होते. ओळख न पटलेली ४१ चित्रं दाराजवळच्या टेबलावर ठेवली, शेजारी पेन्सिली. तीन दिवसांत सात ओळखली गेली. दोघांनी एकाच चित्राला दोन वेगळी नावं दिली, दोन्ही लिहून ठेवली आहेत.

३४ उरली आहेत. त्यांच्या पाकिटांवर नंबराखाली मी कुणाकुणाला विचारलं आणि कधी, ते लिहिते, म्हणजे माझ्यानंतर जो विचारायला निघेल त्याला तीच दारं पुन्हा वाजवावी लागणार नाहीत. मूळ काचा आणि निगेटिव्ह आता आम्ही गावभागातल्या घरी परत नेल्या, आईची तशी इच्छा होती. मामानं जिन्यावरच्या खोलीत लोखंडी कपाट भिंतीला ठोकून घेतलं. कपाटाचा खालचा कप्पा २०१९ च्या रेघेपासून नऊ फूट चार इंच वर आहे. मी स्वतः टेपनं मोजलं.